ताटात मिठाच्या जागी गोळी

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. शेवटची बरीच वर्षं कराड-चिपळूण मार्गावर काढली. आता सहा वर्षं झाली, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिसला जातो, पहिल्या शिफ्टला. नवीन पेशंट फॉस्फरस कमी करायच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन गोंधळलेला दिसला की सिस्टर त्याला माझ्या बेडकडे पाठवतात, "मास्तरांना विचारा." मी त्याला जे सांगतो तेच इथं लिहितोय. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. ती गोळी जेवणाशी कशी जुळवायची, तेवढं मला येतं, कारण आधी आठ महिने मी ती चुकीची घेतली.

माझ्या कागदावर लिहिलं होतं 1-1-1. मेडिकलवाल्यानं पट्टीच्या मागं पेनानं 'जेवणानंतर' असं खरडून दिलं. बीपीच्या गोळ्या, फॉलिक अ‍ॅसिड आणि ही, सगळ्यांचा एकच डबा. सकाळची गोळी मी साडेपाचला बाकीच्यांबरोबर घ्यायचो, डायलिसिसला निघताना, बिनदुधाच्या चहावर. दुपारची आठवेल तेव्हा, म्हणजे जेवून तास-दीड तास झाल्यावर. रात्रीची झोपताना. एकही गोळी चुकवली नाही, याचा मला अभिमान होता बघा! आणि रक्तातला फॉस्फरस, जो 5.5 च्या आत हवा, तो 6.4 वरून 7.1, मग 7.9. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी फरक नाही. पाठीला अशी खाज सुटायची की रात्री दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचो.

शेवटी एका आहारतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "काका, पहिला घास कधी आणि गोळी कधी, घड्याळ लावून सांगा." सांगितलं. त्या कपाळाला हात लावून हसल्या. "काका, गाडी सुटल्यावर स्टँडवर येऊन काय उपयोग?" मी कंडक्टर होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते वाक्य नेमकं लागलं.

आता हे का, ते थोडक्यात. ही गोळी रक्तात जाऊन काही करत नाही. ती पोटातच काम करते. अन्नातून आलेला फॉस्फरस आतड्यातून रक्तात उतरायच्या आत ती त्याला धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. म्हणजे गोळी आणि घास एकाच वेळी पोटात पाहिजेत. घास पुढं निघून गेला की मागून आलेल्या गोळीला धरायला कुणी उरत नाही. रिकाम्या पोटी घेतलेली तर फुकटच गेली. वर त्यातल्या काही गोळ्यांत कॅल्शियम असतं. धरायला फॉस्फरस नसला की ते कॅल्शियम जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. म्हणजे फायदा नाहीच, उलट तोटा.

"पण मग डायलिसिस कशाला करतो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचा हिशोब मांडतो, हिशोब माझा जुना धंदा आहे. साधं घरचं जेवण जेवणाऱ्याच्या पोटात दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस जातो. त्यातला साधारण साठ टक्के रक्तात उतरला असं धरा, म्हणजे 600. आठवड्याचे झाले 4,200. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळमानानं 800 निघतो, तीन वेळचे 2,400. उरले 1,800, आणि ते दर आठवड्याला साठत जाणार. आठवड्यात दोनदाच डायलिसिस परवडत असेल तर आकडा आणखी वाईट. पोटॅशियम, युरिया मशीन भराभर ओढतं, पण फॉस्फरस हाडांत आणि पेशींत लपून बसलेला असतो. रक्तातला निघाला की आतला हळूहळू बाहेर येत राहतो. जत्रेच्या दिवशी एक गाडी भरून सोडली की स्टँड रिकामं दिसतं, आणि पाच मिनिटांत गल्लीबोळातून माणसं येऊन पुन्हा तेवढीच गर्दी. तसंच.

आणि हा साठलेला फॉस्फरस नुसती खाज देऊन थांबत नाही. त्याच्यापायी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिथरतात, हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात. हाडं ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्या चुना धरल्यासारख्या कडक होतात. खाज निदान कळते तरी. हे आतलं वर्षानुवर्षं कळत नाही.

तर आता गोळी कशी घ्यायची.

आमच्याकडे एक बदल केला, तो हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा. तिनं फॉस्फरसच्या गोळ्या औषधाच्या डब्यातून काढल्या आणि मिसळणाच्या डब्याशेजारी स्टीलच्या छोट्या डबीत ठेवल्या. ताट वाढताना डाव्या हाताला वर मीठ वाढतात ना, डायलिसिस लागल्यापासून माझ्या ताटातली ती जागा रिकामीच होती. तिथं आता गोळी येते, पट्टीचा तुकडा कात्रीनं कापून. आधी गोळी, मग भाजी, मग भाकरी. ताटात गोळी नसेल तर मी जेवायला सुरुवात करत नाही आणि जेवण संपल्यावर ती तिथंच दिसली तर घरातलं शेंबडं पोरही ओरडतं, "आबा, गोळी!" आठवण ठेवायची भानगडच मिटली. मोबाइलचा गजर मी लावून पाहिला होता. गजर एकला वाजायचा आणि भाकरी तव्यावरून दीडला उतरायची.

सुरुवातीचे दोन-चार घास खाऊन एक गोळी. दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. म्हणजे घासाघासात मिसळते. जेवण संपता संपता आठवली तर तेव्हाही घ्या, हात धुवायच्या आत घेतली तरी चालेल. पण दीड-दोन तासांनी आठवली तर सोडून द्या. पुढच्या जेवणाला दोन्ही मिळून घेऊ, असलं करू नका. मागचा प्रवासी पुढच्या गाडीत सापडत नाही.

जेवलाच नाही तर गोळीही नाही. हे लोकांना पटायला फार जड जातं. "डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलीय" म्हणून ताप आलेला असताना, भाताची पेजही जात नसताना गोळ्या गिळत बसणारी माणसं मी पाहिलीत. या गोळीची वेळ घड्याळाची नाही, ताटाची आहे. खाणंच बरेच दिवस कमी झालं असेल तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. फॉस्फरस फार खाली जाणंही बरं नव्हे, अंगातलं त्राण जातं.

उपासाचं काय? निर्जळी असेल तर गोळी नाही, हे वरच्याच हिशोबानं. (डायलिसिसवाल्यानं उपास करावा का, ते डॉक्टरांशी भांडा.) पण आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. तीत शेंगदाण्याचं कूट मूठभर, वर दही. साबुदाण्यात फॉस्फरस जवळजवळ नाहीच, सगळा कुटात आणि दह्यात. तेव्हा एकादशीच्या फराळाला गोळी लागतेच, "उपासाला औषध कशाला" म्हणून ठेवून देऊ नका. आणि बटाटा पोटॅशियमवाला, त्याच्यासाठी या गोळीचा काडीचा उपयोग नाही. पोटॅशियम वेगळं, फॉस्फरस वेगळा.

आता गोळ्यांचे प्रकार. पट्टीवरचं नाव कंपनीगणिक बदलतं, म्हणून खालचं बारीक अक्षर वाचा, नसेल वाचता येत तर नातवाकडून वाचून घ्या.

कॅल्शियम अ‍ॅसिटेट, बहुधा 667 मिलिग्रॅमची. स्वस्त, म्हणून बऱ्याच जणांना हीच पहिली मिळते. हिच्यावरून होणारा घोटाळा मी किमान पाच जणांत पाहिलाय. पट्टीवर कॅल्शियम वाचलं की घरच्यांना वाटतं, ही हाडांची गोळी. मग ती रात्री झोपताना, तीसुद्धा पेलाभर दुधाबरोबर! एक मावशी वर्षभर असं करत होत्या. दूध म्हणजे 100 मिलिलिटरला 90 मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस. बरं, एका गोळीत कॅल्शियम 169 मिलिग्रॅम असतं. दिवसाला सहा घेतल्या तर हजाराच्या वर गेलं. म्हणून या गोळीवर असणाऱ्यांनी रक्तातलं कॅल्शियम किती आलं, ते प्रत्येक रिपोर्टला विचारायचं. ते वाढत असेल तर डॉक्टर गोळी बदलतात. आपल्या मनानं शक्तीसाठी म्हणून आणखी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी दुकानातून आणू नका. कॅल्शियम कार्बोनेटचंही असंच.

सेव्हेलॅमर, 400 किंवा 800 ची. हीत कॅल्शियम नाही. माझी हीच आहे. आकारानं दांडगी, नवख्याच्या घशात अडकल्यासारखी वाटते, म्हणून लोक तोडतात, चावतात, कुटून पाण्यात घालतात. तसं करायचं नाही, ती अख्खीच गिळायची. का, ते बघायचं असेल तर एक गोळी वाटीत ठेवा आणि तिच्यावर दोन चमचे पाणी घाला. मी घातलं होतं. वरचं आवरण तडकलं, आतून पांढरं पीठ फुगून बाहेर आलं आणि थोड्या वेळानं वाटीत भिजलेल्या पावासारखा लगदा उरला. हे पोटात व्हायचं ते घशात झालं तर? ज्यांना गिळताना खरंच त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना सांगावं, हिची पावडरही येते. याच कारणानं ही गोळी पट्टीतून काढून डबीत सुटी ठेवू नये. ओल खाते, पावसाळ्यात तर फारच.

लँथॅनम हिच्या बरोबर उलट. ती चावून, अगदी बारीक करून खायची. गिळलीत तर ती तशीच्या तशी पोटात फिरते. आमच्या शिफ्टला एक गुरुजी आहेत, दात नाहीत, कवळी लावायचा कंटाळा. पोट दुखतं म्हणून एक्स-रे काढला तर आतड्यात पांढरे ठिपके! घरचे घाबरले. ठिपके म्हणजे गुरुजींनी न चावलेल्या गोळ्या होत्या, हा धातू एक्स-रेत पांढरा दिसतो. आता त्यांची सून खलबत्त्यात कुटून देते. आणि पोटाचा एक्स-रे काढायची वेळ आली तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं.

लोहाच्याही आहेत, फेरिक सायट्रेट वगैरे. त्यांनी शौचाला काळी होते, ते आधी माहीत असलं की धसका बसत नाही. आणि अ‍ॅसिडिटीची गुलाबी-पांढरी पातळ औषधं दुकानातून आणून पिऊ नका. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. अ‍ॅल्युमिनियम पूर्वी फॉस्फरस धरण्यासाठीच द्यायचे, पण आपली किडनी ते बाहेर टाकत नाही आणि ते हाडांत, मेंदूत साठतं, म्हणून मागं पडलं.

गोळ्या वाटायच्या कशा, हा खरा हुशारीचा भाग. कागदावर 1-1-1 असलं तरी आपलं जेवण 1-1-1 असतं का? माझी सकाळ म्हणजे वाटीभर पोहे, दाणे न घातलेले. दुपारी दोन भाकरी, डाळ, अंड्याचं पांढरं. रात्री आमटी-भात. मी हे आठवडाभर वहीत लिहिलं आणि डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दिवसाच्या गोळ्या जेवणाप्रमाणे बदलून दिल्या: सकाळी एक, दुपारी दोन, रात्री एक. मटणाच्या दिवशी काय करायचं तेही विचारून ठेवलं. हे परस्पर करू नका, पण वही घेऊन जरूर जा. नुसतं "फॉस्फरस का उतरत नाही?" विचारलं तर त्यांना काय कळणार?

मात्र गोळीच्या जिवावर उड्या मारू नका. एक गोळी धरून धरून किती धरते? साधारण 25 ते 30 मिलिग्रॅम. अर्धा लिटर दूध आटवलेल्या बासुंदीत साडेचारशेच्या आसपास फॉस्फरस. किती गोळ्या लागतील, तुम्हीच भागाकार करा. भाचीच्या लग्नात मी दोन वाट्या बासुंदी हाणली आणि वर एक जादा गोळी घेऊन स्वतःला शहाणा समजलो. पुढच्या रिपोर्टनं उतरवलं.

खाण्यात एक गोष्ट उशिरा कळली. डाळी-कडधान्यं, बाजरी, शेंगदाणे यांच्यातला फॉस्फरस आपल्या आतड्याला पुरता सुटत नाही, अर्ध्याहून कमीच रक्तात उतरतो. दूध, मटण, मासे यांच्यातला त्याहून जास्त उतरतो. आणि कारखान्यात वरून घातलेला जवळजवळ सगळा. काळी कोला, चीजच्या चकत्या, पाकिटातले सॉसेज, झटपट नूडल्स. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात 338, 339, 340, 341, 450, 451, 452 यातला एखादा आकडा दिसला की तो फॉस्फेट समजायचा. मी ते आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवलेत, तिकिटाचे टप्पे पाठ असायचे तसे आता हे पाठ झाले. दुकानात चष्मा लावून वाचत उभा राहतो, पोरं हसतात. हसू देत. उलट अंड्याचं पांढरं म्हणजे आपल्यासाठी सोनं. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिन आणि फॉस्फरस पाचेक मिलिग्रॅम. पिवळ्यात साठाच्या वर, ते नातवाला.

घराबाहेरच्या जेवणात गोळी हमखास चुकते. मशीनवर असताना आपण डबा खातो, इडली, उपमा, काहीतरी. त्याच्याबरोबर गोळी कितीजण घेतात? आमच्या सेंटरला मी मोजलं होतं, बारात दोघे. बाकीच्यांची गोळी घरी. डब्याच्या पिशवीतच चार गोळ्यांचा तुकडा कायमचा ठेवून द्या. माझ्या शर्टाच्या खिशातही एक तुकडा असतो, लग्नाच्या पंगतीत लाज न बाळगता काढतो. भेळ, भजी, सामोसा यांना गोळी लागते का, हे डॉक्टरांना आपलं खाणं सांगून ठरवा. कोऱ्या चहाला, सफरचंदाच्या फोडीला लागत नाही.

पाण्याची ओढाताण सगळ्यांना ठाऊक. दिवसाचं पाणी मोजून, आणि या धोंड्यासारख्या गोळ्या. मी घोटभर पाण्यात एक गिळतो, मागोमाग मऊ भाताचा घास. बाकीच्या गोळ्यांसाठी वेगळं पाणी नको म्हणून ज्या जेवणाबरोबर चालतात त्या इथंच उरकतो.

पण सगळ्या चालत नाहीत. ही गोळी फॉस्फरस धरते तशी दुसरी औषधंही धरते. थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. लघवीच्या जंतुसंसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, तर ते सेव्हेलॅमरच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर, नाहीतर निम्मं वाया जातं. रक्तवाढीची लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे सर्दी-तापाला गेलात तरी पट्टी दाखवा आणि "ही चालू आहे, ते कधी घेऊ?" एवढं विचारा.

पोटाचं सांगायला लोक लाजतात, पण सेव्हेलॅमरनं, कॅल्शियमनं बद्धकोष्ठ होतं, आणि त्यापायीच कितीजण गुपचूप गोळ्या बंद करतात. आपल्याला इसबगोल घेऊन तांब्याभर पाणी पिता येत नाही, केळी-पपई खाता येत नाही. तेव्हा डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या. मला लॅक्ट्युलोज दिलंय. मॅग्नेशियमचं दुधासारखं जुलाबाचं औषध नको. आणि एनिमा द्यायची वेळ आलीच तर किडनीचा पेशंट असल्याचं सांगा. काही एनिमा फॉस्फेटचेच असतात, म्हणजे पुढच्या दारानं काढलेला चोर मागच्या दारानं आत.

रिपोर्ट वाचताना: नॉर्मल माणसाचा फॉस्फरस 2.5 ते 4.5, आमचे डॉक्टर आम्हाला 5.5 च्या आत ठेवायला सांगतात. रक्त डायलिसिसच्या आधी दिलेलं असलं पाहिजे. नंतरचा आकडा बघून खूश होऊ नका. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा नेहमी चढा येतो, म्हणून दर महिन्याला त्याच वारी रक्त द्यावं. गोळी घासाबरोबर घेऊ लागल्यावर माझा 7.9 चा 5.4 व्हायला अडीच महिने लागले. खाज त्यानंतरही महिनाभर रेंगाळली. खाजेला इतर कारणंही असतात, कोरडी कातडी वगैरे, त्यामुळे आठ दिवसांत गोळीला नावं ठेवू नका.

राहिला पैसा. महात्मा फुले योजनेत माझं डायलिसिस होतं, पण या गोळ्या मला खिशातून घ्याव्या लागतात, आणि सेव्हेलॅमर महाग. जनऔषधी केंद्रात कंपनीचं नाव न सांगता औषधाचं नाव आणि 400 की 800 ते सांगून विचारा, फरक पडतो. पट्टी संपल्यावर धावपळ नको. माझ्या दिवसाला चार, म्हणजे महिन्याला 120, दहाच्या पट्टीनं बारा. दिवाळीत आमच्याकडचं दुकान चार दिवस बंद असतं, तेव्हा वसुबारसेच्या आधीच दोन पट्ट्या जादा आणून डबीत टाकतो. चकल्या-चिवड्याच्या दिवसांतच त्या जास्त लागतात.